प्रामाणिक नायक आणि अर्ध्या फुटाची रेघ

प्रश्न असा आहे: "माझ्या पटकथेचं कथानक घट्ट आहे असं वाचणारे सांगतात, पण पात्रं सपाट आहेत असाही शेरा येतो. मी तर प्रत्येक पात्राची सहा-सात पानी माहिती लिहून काढली आहे. जन्म, शिक्षण, भीती, आवडीनिवडी, लहानपणीचा आघात, सगळं. नायक प्रामाणिक आणि तत्त्वाला धरून राहणारा आहे. मग अडतंय कुठे? आणि हीच गोष्ट मालिकेसाठी करायची झाली तर पात्रांत काय बदलावं लागेल?"

तुमची ती सहा-सात पानं वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण ती पटकथेत नाहीत, तुमच्या टेबलाच्या खणात आहेत, आणि प्रेक्षकाला खण उघडता येत नाही. नायकाला लहानपणी पाण्याची भीती बसली होती हे तुम्हाला माहीत असतं, दिग्दर्शकाला तुम्ही सांगितलेलं असतं, नटाच्याही कानावर घातलेलं असतं. प्रेक्षक मात्र एक माणूस दार उघडून आत आला आणि खुर्चीवर बसला, एवढंच बघत असतो.

पात्रांची अशी टिपणं काढायची पद्धत जुनी आहे. नाट्यलेखन शिकवणारे लाजोस एग्री यांनी १९४० च्या दशकात नाट्यलेखनाविषयी लिहिताना पात्राची शारीरिक, सामाजिक आणि मानसिक अशी तीन अंगं मांडली. लेखनाच्या वर्गांत आजही त्या धर्तीचे तक्ते भरून घेतात. तक्ता भरण्यात एक सुख आहे, काम झाल्यासारखं वाटतं आणि कोरा सीन समोर येत नाही. एग्रींचा स्वतःचा रोख वेगळा होता. या तीन अंगांमुळे माणूस नेमकं काय करायला निघतो आणि कुणाच्या आडवा येतो, हे त्यांना हवं होतं. वर्गात मात्र तक्ताच उरला.

मीही सुरुवातीची काही वर्षं तक्ते भरले. एका चित्रपटासाठी डॉक्टर बाईंचं पात्र लिहिलं होतं, त्यांची माहिती अकरा पानं. वाचनाच्या दिवशी ती भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने ती अकरा पानं शांतपणे वाचली, बाजूला ठेवली आणि पटकथेतला एक सीन उघडून विचारलं, "हे सगळं छान आहे. पण इथे मी या माणसाला खोलीबाहेर का जाऊ देत नाहीये?" मला उत्तर देता आलं नाही. बाईंचं शिक्षण कुठे झालं, पहिलं प्रेम कुणावर होतं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण त्या दोन मिनिटांत त्यांना समोरच्याकडून काय हवंय, हे मलाच माहीत नव्हतं. तो सीन शेवटी कापला गेला. कुणाला चुकचुकल्यासारखंही झालं नाही.

अॅरिस्टॉटलने शोकांतिकेची ६ अंगं सांगताना कथानकाला पहिलं आणि पात्राला दुसरं स्थान दिलं, म्हणून आमच्या मंडळींत तो जरा बदनाम आहे. पण त्याच विवेचनात तो म्हणतो की माणसाचा स्वभाव कळतो तो त्याने काय निवडलं आणि काय टाळलं यावरून. ज्या बोलण्यात बोलणारा काहीच निवडत किंवा टाळत नाही, त्यात स्वभावही नसतो. हे मी तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मानतो. 'प्रामाणिक' हे विशेषण झालं. कॅमेरा विशेषणाचं चित्रीकरण करू शकत नाही. त्याला निवड द्या, आणि त्या निवडीची किंमत नायकाच्या खिशातून जाऊ द्या.

हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एक पात्र घेऊ. विनायक, वय पन्नाशीच्या आसपास. वाहन चालवण्याचा परवाना देण्याआधी चाचणी घेणारा निरीक्षक. प्रामाणिक, अबोल, तत्त्वनिष्ठ. तुमच्या नायकाचाच चुलतभाऊ म्हणा.

पहिल्या खर्ड्यात बहुतेक जण (मीसुद्धा) हा सीन लिहितील: एक तरुण कागदांच्या आत पाकीट सरकवतो. विनायक पाकीट परत करतो आणि म्हणतो, "माझी सही विकत मिळत नाही." दारातला शिपाई कौतुकाने बघतो. सीन संपला. यात विनायकचं काय गेलं? काहीच नाही. लाच नाकारून त्याला उलट मान मिळाला, शिपायाचं कौतुक मिळालं, एक टाळीचं वाक्य मिळालं. ज्या चांगुलपणात माणसाचा तोटा होत नाही त्याने पात्र उभं राहत नाही, पात्राची जाहिरात होते.

आता दुसरा खर्डा. चाचणीला चाळिशीतली एक बाई बसली आहे. तिचा हा चौथा प्रयत्न. आज ती सुरेख चालवते. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी तसूभरही मागे घसरत नाही. गाडी मागे घेत वळणही नीट घेते. शेवटी थांबण्याच्या पांढऱ्या रेघेपाशी ब्रेक दाबते आणि सुस्कारा सोडते. विनायक आपल्या बाजूचं दार उघडतो, उतरत मात्र नाही. नुसता वाकून खाली बघतो. पुढचं चाक रेघेच्या पलीकडे अर्धा फूट गेलंय. मैदानात दुसरं कुणी नाही. तो दार लावून घेतो.

"झालं ना?" ती विचारते.

तो पेनाचं टोपण काढतो. "पुढच्या वेळी बोनेटकडे बघू नका. आरशाच्या खालच्या कडेकडे बघा. रेघ तिथे आली की थांबायचं."

'नापास' हा शब्द तो उच्चारत नाही. 'पुढच्या वेळी' एवढ्यावरूनच तिला कळतं. त्याने दिलेली सूचना अचूक आणि कामाची आहे, आणि म्हणूनच ती जास्त लागते. हा माणूस दुष्ट नाही, आणि त्याला पाझरही फुटत नाही. तिला पास केलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. इथे पहिल्यांदा प्रेक्षक त्याच्याविषयी स्वतःचं मत बनवू लागतो. निम्मे म्हणतील काय हा माणूस, निम्मे म्हणतील बरोबर केलं. पाकिटाच्या सीनमध्ये प्रेक्षकाला करायला काहीच काम नव्हतं.

आणि आता तिसरा सीन. संध्याकाळी विनायक घरी येतो. घरासमोर वडिलांची जुनी गाडी उभी आहे. आत जाता जाता तो थबकतो. मागच्या दारावर नवा ओरखडा आहे, त्यात कुणाच्या तरी गाडीचा पांढरा रंग अडकलेला. तो खिडकीकडे बघतो, कुणी नाही. डिकी उघडून फडकं आणि पॉलिशची डबी काढतो. डबी अर्धी संपलेली आहे. तो उकिडवा बसून ओरखडा घासायला लागतो.

नंतर घरात. वडील, पंच्याऐंशीचे, टीव्हीसमोर.

"आज किती नापास?"

"सात."

वडील खुशीत मान डोलावतात. "अस्सं पाहिजे."

विनायक हात धुतोय. बराच वेळ धुतोय.

बस्स. तीन सीनमध्ये 'प्रामाणिक' हा शब्द एकदाही आला नाही आणि त्याच्याविषयी कुणी कुणाला काही सांगितलं नाही. परक्या बाईला अर्ध्या फुटाची माफी न देणारा माणूस वडिलांचा ओरखडा लपवतो, आणि अर्धी संपलेली डबी सांगते की हे आजचं नाही. ही डबी पहिल्या लिखाणात नव्हती, तिथे नुसतं फडकं होतं. तिसऱ्यांदा लिहिताना ती सुचली आणि पानभर पूर्वकथा लिहायची गरज उरली नाही. तुमच्या खणातल्या सहा पानांपैकी पडद्यावर जायच्या लायकीच्या गोष्टी अशाच डबीएवढ्या असतात.

या विसंगतीविषयी थोडं सावध करतो, कारण हल्ली ती ठिगळासारखी लावतात. गुंड आहे पण मांजर पाळतो. कडक अधिकारी आहे पण रात्री बासरी वाजवतो. ही विसंगती नव्हे, सजावट झाली. मांजर काढून टाकलं तरी गुंडाच्या गोष्टीत काही बिघडत नाही. विनायकचा कडकपणा आणि त्याची लपवाछपवी मात्र एकाच मुळावर आहेत: वडिलांच्या नजरेत उतरणं त्याला सोसत नाही. 'सात' हा आकडा तो रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी घरी आणतो. त्यांचं चालवणं थांबवायचं तर तो आकडा ज्या माणसाने शिकवला त्यालाच नापास करावं लागेल. मूळ एकच असलं की विसंगतीतून कथानक आपोआप फुटतं. तो पांढरा रंग कुणाच्या तरी गाडीचा आहे, आणि ते कुणीतरी कधीतरी येणारच.

दुसरी चूक 'ध्येया'च्या बाबतीत होते. तुमच्या टिपणांत नायकाचं ध्येय काय लिहिलंय? मी पैजेवर सांगतो, 'आत्मसन्मान', 'न्याय' किंवा 'स्वतःचा शोध' यांपैकी काहीतरी असेल. हे सगळं खरं असू शकतं, पण ते हातात धरता येत नाही. १९४८ च्या 'बायसिकल थीव्ह्ज' या इटालियन चित्रपटात बेकार माणसाला सायकल असेल तरच नोकरी मिळणार असते. ती गहाणातून सोडवायला त्याची बायको घरातल्या चादरी गहाण टाकते, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. पुढचा जवळजवळ सगळा चित्रपट तो आणि त्याचा छोटा मुलगा ती शोधत हिंडतात. सन्मान, गरिबी, बापपण यांवर कुणी भाषण देत नाही. सायकल मिळाली का, एवढाच प्रश्न असतो, आणि बाकीचं सगळं त्या दोन चाकांवर बसून येतं. शेवटी तोच माणूस दुसऱ्याची सायकल उचलतो, तेही मुलाच्या डोळ्यांदेखत. हव्या असलेल्या गोष्टीला आकार, वजन आणि मुदत असली म्हणजे तिच्यासाठी माणूस कुठवर घसरेल हे मोजता येतं. न्यायासाठी कुठवर घसरला, हे मोजायचं कशाने?

सीनच्या पातळीवर हाच नियम आणखी बारीक होतो. प्रत्येक सीनमध्ये प्रत्येक माणसाला समोरच्याकडून आत्ता, या घडीला काहीतरी हवं असतं. कबुली, किल्ली, सही, पाच मिनिटं शांतता. मी लिहायला बसण्याआधी समासात फक्त तेवढंच टिपतो. दोघांना एकच गोष्ट हवी असेल आणि ती दोघांनाही सहज मिळणार असेल, तर तो सीन गप्पांचा होतो आणि संकलक त्याला कात्री लावतो.

भावनेचा प्रश्न यातलाच, आणि यावर मी जरा रेंगाळणार आहे. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्राने याची मांडणी फार पूर्वीच केली आहे आणि पटकथालेखकाला ती आजही जशीच्या तशी वापरता येते. स्थायीभाव, म्हणजे शोक, राग, भीती असे मनात मुळातच असणारे भाव, ८. पण रस, म्हणजे प्रेक्षकाला येणारा भावनेचा आस्वाद, निर्माण होतो तो विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून. विभाव म्हणजे भावना जागी करणारं कारण, परिस्थिती. अनुभाव म्हणजे ती भावना शरीरातून, वागण्यातून बाहेर दिसते ते. व्यभिचारी म्हणजे मधूनच येऊन जाणारे भाव, भरताने असे ३३ मोजले आहेत. आता आपल्या पटकथा बघा. आपण कंसात लिहितो 'तो अतिशय दुःखी आहे.' म्हणजे स्थायीभावाचं नाव लिहून मोकळे होतो आणि बाकीचं काम नटावर ढकलतो. लिहायचा असतो अनुभाव. विनायक हात धुतोय, बराच वेळ धुतोय.

व्यभिचारी भाव तर आपण जवळजवळ विसरलोच आहोत, आणि माझ्या मते पात्र जिवंत होतं ते तिथेच. वडील गेल्याचा निरोप आलेला मुलगा नुसता रडत नाही. रडता रडता फोनचा चार्जर शोधतो, तो सापडत नाही म्हणून चिडतो, चिडल्याची लाज वाटते, मग कुणीतरी चुकीचं नाव घेऊन सांत्वन करतं आणि त्याला हसू फुटतं. शोक खालून वाहतोच आहे. वर हे तरंग उठतात आणि विरतात. ज्या सीनमध्ये एकच भाव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ जातो, तो सीन वाचणाऱ्याला 'सपाट' वाटतो. तुम्हाला मिळालेल्या शेऱ्याचं कारण इथेही असू शकेल. एक सीन काढा आणि भावाचे तरंग किती येतात ते मोजा.

लिहिताना एक जागा मोकळीही सोडायची असते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतला प्रयोग तुम्ही ऐकला असेल. नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट, कधी सूपच्या वाटीशेजारी जोडलेला, कधी शवपेटीशेजारी. बघणाऱ्यांना तोच चेहरा एकदा भुकेलेला वाटला आणि एकदा शोकात बुडालेला. हा प्रयोग संकलनाच्या वर्गात शिकवतात, मी मात्र तो लेखकांना सांगतो. प्रेक्षक चेहऱ्यात भावना स्वतः भरतो, फक्त त्याआधी काय दाखवायचं ते तुम्ही ठरवायचं. ओरखडा दाखवला, डबी दाखवली, वडिलांचं खुशीतलं हसू दाखवलं, मग विनायकचा चेहरा कोराच राहू दे. तिथे "बाबा, तुम्हाला कसं सांगू..." असं मनातलं बोलणं घातलंत तर प्रेक्षकाच्या हातचा घास काढून घेतलात.

संवादांबद्दल सगळे एकच कानमंत्र देतात: पात्रांची नावं झाकून वाचा, कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. मंत्र बरोबर आहे, पण लोक त्यावर तोडगा काढतात तो पालुपदाचा. एकाच्या तोंडी सतत 'म्हणजे बघा', दुसऱ्याच्या तोंडी 'काय समजलास'. असे अलंकार दहा मिनिटांत कंटाळा आणतात. आवाज वेगळा होतो तो माणूस हवं ते मिळवायला कुठल्या वाटेने जातो यावरून. गाडीच्या किल्लीचीच गोष्ट घ्या. किल्ली विनायकने उचलून ठेवली आहे. वडील म्हणतात, "या घरात किल्लीला पाय फुटतात." विनायक म्हणतो, "कुठे जायचंय? संध्याकाळी मी सोडतो ना." आणि दुसऱ्या शहरातली बहीण फोनवर म्हणते, "तू अजून त्यांना चालवू देतोस?" वडील आरोप करतात पण नाव घेत नाहीत. विनायक नकार देतो पण 'नाही' म्हणत नाही. बहीण थेट विचारते, कारण तिला तिथे राहायचं नाहीये. नावं झाकली तरी गोंधळ होणार नाही, आणि कुणालाही पालुपद चिकटवलेलं नाही.

विरोधी पात्राबद्दल थोडक्यात सांगतो, कारण यावर पुष्कळ बोललं जातं. स्वतःच्या डोक्यात कुणी खलनायक नसतं. माझी सवय अशी की एक पान असं लिहायचं, ज्यात गोष्टीचा नायक विरोधकच आहे. विनायकच्या वडिलांचं पान लिहिलं तेव्हा मला कळलं की ती गाडी म्हणजे त्यांची कुणालाही न विचारता करता येणारी शेवटची गोष्ट आहे. बाकी सगळ्याला आता परवानगी लागते. हे पान पटकथेत गेलं नाही, पण त्यानंतर त्यांच्या तोंडी एकही हट्टी म्हाताऱ्याचं वाक्य आलं नाही.

छोट्या पात्रांवर मात्र उगाच खोली लादू नका. सपाट आणि गोलाकार पात्र हा भेद इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कादंबरीवर बोलताना केला, आणि तिथे त्यांनी सपाट पात्रांची बाजूही घेतली आहे: ती पटकन ओळखू येतात आणि लक्षात राहतात. गोलाकार पात्राची त्यांची कसोटी अशी की ते पटेल अशा रीतीने चकित करतं का. दोन मिनिटांसाठी आलेल्या शिपायाला चकित करायची गरज नाही. त्याला फक्त त्याचं स्वतःचं काम द्या. त्याला आज साडेचारला निघायचंय, म्हणून तो विनायकसमोर कागद भराभर सरकवतोय. एवढ्याने तो नायकाचं कौतुक करायला उभा केलेला पुतळा राहत नाही.

पात्राच्या पहिल्या प्रवेशाचं वर्णनही याच कारणाने आखूड हवं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असा ढोबळ हिशेब असतो, तेव्हा दोन तासांना १२० पानं. त्यात 'देखणा, उंच, डोळ्यांत एक अनाम वेदना' यावर चार ओळी घालवू नका. अनाम वेदना कुठला नट दाखवणार? 'शर्टच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल जास्त झिजलेलं.' पुढे जा.

आता निर्मात्याकडून हमखास येणारी सूचना: नायक आवडता करा. याची घबराट होऊन लेखक दुसऱ्या सीनमध्ये नायकाकडून एखाद्या लहान मुलाला रस्ता ओलांडायला लावतात. माझा अनुभव सांगतो. प्रेक्षकाला नायक आवडावाच लागतो असं नाही, पण तो कशात तरी तरबेज असावा, त्याला काहीतरी मनापासून हवं असावं आणि त्याच्यावर कुठेतरी अन्याय होत असावा. यातली दोन जरी असली तरी प्रेक्षक त्याच्या मागोमाग येतो, शिव्या देत का होईना. त्या बाईला नापास करणारा विनायक कुणाला आवडणार नाही. पण पॉलिशची डबी दिसली की त्याला सोडून जाववत नाही.

मालिकेचं गणित वेगळं आहे. चित्रपटातलं पात्र एका प्रश्नापाशी येतं, एकदाच निर्णय घेतं आणि आपण उठतो. नट ज्याला 'ग्राफ' म्हणतात, म्हणजे पात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं बदलतं तो आलेख, तो तिथे एका सलग रेषेत काढता येतो. मालिकेत ती रेषा इतक्या लवकर संपवून चालत नाही. तिथे पात्राच्या आत असा पेच हवा, जो रोज नव्या रूपात उभा राहील आणि सुटणार नाही. विनायकच्या बाबतीत वडिलांच्या परवान्याचा प्रश्न चित्रपटाचा आहे. तो सुटला की गोष्ट संपते. मालिकेचं इंजिन त्याच्या नोकरीत आहे: रोज एक अनोळखी माणूस वीस मिनिटं त्याच्या शेजारी, बंद गाडीत, घाबरलेला. प्रत्येकाचं परवान्यावर काहीतरी अडलेलं. आणि शेजारी बसलाय तो माणूस, ज्याला माफ करता येत नाही आणि ज्याच्या घरात एक न पकडलेली चूक आहे. यावर ५० भाग निघतील. तुमच्या नायकाच्या रोजच्या दिवसात असं काही आहे का ते आधी तपासा. नसेल तर गोष्ट चित्रपटाचीच आहे. ती ताणू नका.

दुसरी अडचण हातांची. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद लिहिणारे तीन वेगळे लोक असू शकतात, मध्येच बदलतातही. म्हणून पात्रांची वही लागते, जिला आम्ही बायबल म्हणतो. तिथे तुमच्या सहा पानांना पहिल्यांदा खरं काम मिळेल, पण रूप बदलून. मी त्यात प्रत्येक पात्राबद्दल फक्त तीन गोष्टी ठेवतो: हा माणूस अडचणीत आला की पहिलं काय करतो, कुणाशी खोटं बोलतो, आणि काय झालं तरी काय करणार नाही. एका मालिकेत आमच्या नायिकेला पाण्याची भीती होती. पहिल्या महिन्यात त्यावर दोन भाग गेले. दीड वर्षाने, नव्या माणसाने लिहिलेल्या भागात ती तलावात उडी मारून मुलाला वाचवून आली. केस झटकून उभी राहिली आणि पुढचा संवाद म्हणाली. वहीत भीतीची नोंद होती, पण शाळेच्या आणि आवडत्या रंगाच्या खाली, नवव्या पानावर. प्रेक्षकांनी आम्हाला आठवण करून दिली, आणि त्यांची भाषा सौम्य नव्हती. चीड मला उडीची आली नाही. भीती असून मारलेली उडी हा वर्षातला सगळ्यात मोठा भाग झाला असता, तो आम्ही नकळत उधळला होता.

तिसरी गोष्ट आपल्या हातात नसते आणि तिच्यासाठी जागा ठेवावी लागते. मालिका चालू असताना नट पात्र बदलतो. 'ब्रेकिंग बॅड' (२००८ ते २०१३) या अमेरिकन मालिकेतला जेसी पिंकमन मूळ बेताप्रमाणे पहिल्याच सीझनमध्ये मरणार होता. ती भूमिका करणारे अॅरन पॉल यांचं काम बघून बेत बदलला आणि तो शेवटच्या भागापर्यंत राहिला. पहिले काही भाग चित्रित झाले की मी रशेस (संकलनाआधीचं कच्चं चित्रीकरण) बघताना कागद घेऊन बसतो. कुठल्या दोघांमध्ये काही न लिहिता ठिणगी पडतेय, कोण ऐकताना बोलण्यापेक्षा चांगलं दिसतं, हे टिपतो. ऐकताना चांगल्या दिसणाऱ्या नटाचे संवाद मी निर्दयपणे कमी करतो. सुरुवातीला ते रागावतात.

तुमच्या पटकथेकडे परत येतो. पुढचा खर्डा पहिल्या पानापासून सुरू करू नका. जिथे जिथे कुणी नायकाला प्रामाणिक म्हणतं किंवा तो स्वतः तत्त्वांबद्दल बोलतो, त्या जागा आधी शोधून काढा. तिथेच त्याला अशी निवड द्या, ज्यात प्रामाणिक राहून त्याचं नुकसान होईल आणि अप्रामाणिक झाला तर कुणाला पत्ता लागणार नाही. एका ठिकाणी त्याला हरू द्या. बाकीचे सीन त्यानंतर कसे हलतात ते बघा. काही आपोआप गळून पडतील, त्यांना अडवू नका.

मी स्वतः विनायकच्या गोष्टीत एका जागी अडून बसलोय. पांढऱ्या रंगाची ती गाडी त्या बाईच्या नवऱ्याची निघाली तर माझी फार सोय होते, म्हणून ते मी करणार नाही. पण ती पाचव्यांदा येते एवढं नक्की. आरशाच्या खालच्या कडेकडे बघत रेघेच्या बरोबर अलीकडे गाडी थांबवते, आणि या वेळी "झालं ना?" असं विचारत नाही. तोवर विनायकने वडिलांची किल्ली तीनदा लपवलेली आहे आणि तीनदा परत जागेवर ठेवलेली आहे. तो दार उघडून खाली बघतो. दार लावतो. पेनाचं टोपण काढतो. त्यापुढची ओळ मला अजून सापडलेली नाही.